बाटलीतले पाणी आणि नगराचे कर्तव्य

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टन शहरापासून सुमारे तीस किलोमीटरांवर, कॉन्कर्ड नावाचे एक लहान आणि सुखवस्तू नगर आहे. १७७५ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील पहिल्या चकमकी ज्या गावांत झडल्या त्यांपैकी हे एक. आणि सविनय कायदेभंगाच्या ज्या विचाराशी आपला परिचय महात्मा गांधींमुळे अधिक दृढ झाला, त्या विचाराचा उद्गाता हेन्री डेव्हिड थोरो याच गावचा. या नगरात १ जानेवारी २०१३ पासून एक लिटर वा त्याहून कमी मापाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून साधे पिण्याचे पाणी विकणे हा दंडनीय अपराध ठरला. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी पंचवीस डॉलर आणि त्यानंतर प्रत्येक वेळी पन्नास डॉलर दंड, अशी त्या उपविधीची कलमे होती. मात्र नळाचे पाणी दूषित झाले किंवा तुटले अशा आपत्तीच्या काळात ही बंदी लागू राहणार नाही, अशी मुभाही त्याच मसुद्यात नमूद करण्यात आली होती.

या उपविधीमागे जीन हिल नावाच्या, वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या एका वृद्धेची चिकाटी होती. कॉन्कर्डचा कारभार नगरसभेच्या पद्धतीने चालतो, म्हणजे नोंदणी झालेला कोणीही मतदार सभेला उपस्थित राहून नगराच्या कायद्यावर प्रत्यक्ष मत देऊ शकतो. २०१० साली या सभेने हिलबाईंचा ठराव संमत केला, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो बजावणीस अपात्र ठरला; २०११ साली सुधारलेला मसुदा अवघ्या सात मतांनी पडला; आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये तो ४०३ विरुद्ध ३६४ अशा मतांनी अखेर संमत झाला. बंदीला एक वर्ष होत आले तेव्हा ती उठवावी असा ठराव त्याच सभेपुढे आला, तोही बहुमताने फेटाळला गेला. इतक्या थोड्या मतांच्या फरकाने झुलणारा हा निर्णय पाहिला म्हणजे ध्यानात येते की, त्या सभेत दोन्ही बाजूंना विचारी माणसे बसलेली होती आणि दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात काही तथ्य होते.

पाणी हा विक्रीचा जिन्नस होऊन देशोदेशी फिरावा, ही गोष्ट कॉन्कर्डला नवी नव्हती. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तेथील वॉल्डन तळ्यावर गोठलेले बर्फ मजुरांकरवी कापून काढण्यात आले, त्याचे वर्णन थोरोने १८५४ च्या आपल्या ग्रंथात केले आहे, आणि न्यू इंग्लंडच्या तळ्यांतील बर्फाचा व्यापार ज्या उष्ण शहरांशी चाले त्यांत मद्रास आणि कलकत्ता यांच्याबरोबर त्याने मुंबईचाही नामोल्लेख केला आहे. लाकडाच्या भुशात रचून, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आलेले ते बर्फ एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या धनिकांच्या मेजवान्यांत पोहोचत असे. परंतु ते बर्फ ज्या शहरात उतरे, त्या शहरातील सामान्य माणसाचे पिण्याचे पाणी त्यामुळे कमी होत नव्हते, आणि पाणी पाजण्याच्या जबाबदारीतून शहराला त्यामुळे मोकळीकही मिळत नव्हती. आजच्या बाटलीविषयी तेवढ्या निःशंकपणे बोलता येत नाही, आणि म्हणूनच नगरांनी तिच्या विक्रीवर बंदी घालावी काय, हा प्रश्न विचारात घेणे प्राप्त होते.

प्रथम ही बाटली म्हणजे काय, ते जवळून पाहू. तिचा पारदर्शक देह पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, संक्षेपाने पेट, या द्रव्याचा असतो. खनिज तेलापासून निघणाऱ्या दोन रसायनांच्या संयोगातून ते सिद्ध होते, आणि ज्याचे धागे काढून टेरिलीनचे कापड विणतात तेच हे द्रव्य होय. या द्रव्याच्या बाटलीचे एकस्व अमेरिकेत नॅथॅनिएल वायेथ याच्या नावे १९७३ साली नोंदले गेले. बाटलीचे झाकण मात्र निराळ्या प्लॅस्टिकचे असते. त्यामुळे झाकण पाण्यावर तरंगते आणि बाटलीचा तुकडा बुडतो, आणि पुनःप्रक्रियेच्या कारखान्यात या गुणाचाच उपयोग करून दोन्ही वेगळे काढतात. वेष्टनावर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ असे लिहिलेले असून भारतीय मानक ब्यूरोचा १४५४३ हा क्रमांक असेल, तर आत बहुधा बोअरवेलचे वा नळाचेच पाणी सूक्ष्म गाळण, अतिनील किरण आणि ओझोन यांच्या संस्कारांतून गेलेले असते. उगमाच्या नैसर्गिक खनिज पाण्यासाठी १३४२८ हा वेगळा मानक आहे, आणि तसे पाणी बाजारात फार थोडे मिळते. डोंगराचे चित्र पाहून हिमालयाच्या झऱ्याचे पाणी आपण पितो आहोत अशी समजूत करून घेणाऱ्या ग्राहकाने हा क्रमांक एकदा वाचावा.

या व्यापाराचा आपल्याकडील इतिहास मुंबईपासूनच सुरू होतो. फेलिचे बिसलेरी या इटालियन उद्योजकाच्या नावाचे पाणी १९६५ च्या सुमारास मुंबईत काचेच्या बाटल्यांतून विक्रीस आले आणि १९६९ साली पार्ले कंपनीने तो व्यवसाय चार लाख रुपयांना विकत घेतला. तारांकित हॉटेले आणि परदेशी पाहुणे एवढाच त्याचा गिऱ्हाईकवर्ग पुष्कळ वर्षे राहिला. काचेची जागा हलक्या प्लॅस्टिकने घेतली, तेव्हा बाटली एस. टी. स्थानकावर, रेल्वेच्या फलाटावर आणि गावच्या पानपट्टीवर पोहोचली. धंदा वाढला तशी शासनालाही दखल घ्यावी लागली, आणि २००१ पासून मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र या पाण्याला सक्तीचे झाले. २००३ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने दिल्ली व मुंबई येथील बाटल्यांची तपासणी करून त्यांत कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले आणि त्यानंतर मानके अधिक कडक झाली. २०२४ च्या आरंभी अमेरिकेतील कोलंबिया आणि रट्गर्स विद्यापीठांच्या संशोधकांनी नव्या प्रकाशीय तंत्राने बाटलीतले पाणी तपासले, तेव्हा एका लिटरात सरासरी सुमारे दोन लाख चाळीस हजार प्लॅस्टिककण आढळले, आणि त्यांतील बहुतेक अतिसूक्ष्म होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बाटलीबंद पाण्याची गणना अधिक जोखमीच्या खाद्यवर्गात केली. बाटली म्हणजे शुद्धतेची हमी, हा समज इतका सरळ राहिलेला नाही, एवढे या घटनांवरून निश्चित म्हणता येते.

खर्चाचा हिशेब तर अधिक बोलका आहे. मुंबई महानगरपालिका घरगुती वापराच्या एक हजार लिटर पाण्यासाठी दहा रुपयांपेक्षाही कमी आकार घेते. बाजारातील एक लिटरची बाटली अठरा-वीस रुपयांना मिळते. म्हणजे जे पाणी घरी नळाने दहा रुपयांच्या आत येते, तेवढेच बाटल्यांतून घ्यावयाचे तर अठरा ते वीस हजार रुपये मोजावे लागतील. या किमतीत पाण्याचा वाटा नगण्य असतो. बाटली, वेष्टन, वाहतूक, जाहिरात आणि दुकानदाराची दस्तुरी यांचेच ते मोल असते. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला हा फरक जाणवत नाही. परंतु उन्हातान्हात फलाटावर उतरलेल्या मजुराला, त्याच्या बायकामुलांना तो जाणवतो, आणि तो जाणवू नये यासाठीच नगरपालिका नावाची संस्था अस्तित्वात आली आहे.

आता बंदीच्या विरोधकांचे म्हणणे पाहू, कारण ते टाकाऊ नाही. अमेरिकेतीलच व्हरमाँट विद्यापीठाने २०१३ च्या प्रारंभी आपल्या आवारात बाटलीतील पाण्याची विक्री बंद केली आणि पाणी भरून घेण्याच्या तोट्यांची सोय केली. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, आवारात येणाऱ्या बाटल्यांची संख्या घटली नाही, उलट वाढली. कारण पाण्याची बाटली मिळेनाशी झाल्यावर विद्यार्थ्यांनी तिच्या शेजारी ठेवलेली साखरेच्या पेयाची बाटली उचलली. कचरा कमी व्हावयाचा तो झाला नाही आणि पोटात साखर मात्र अधिक गेली. कॉन्कर्डच्या उपविधीतही हाच दोष होता: साधे पाणी तेवढे वर्ज्य, सोडा आणि गोड पेये मात्र मोकळी. जी वस्तू त्यातल्या त्यात निरुपद्रवी, तिच्यावरच दंड ठेवून तिच्याहून अपायकारक वस्तू त्याच फळीवर राहू देणारी बंदी आपल्या हेतूचा पराभव करते.

दुसरा आक्षेप आपल्या देशात अधिक गंभीर आहे. आपल्या बहुतेक शहरांत नळाला पाणी काही तासच येते. पाणी बंद झाल्यावर नळवाहिनीतील दाब ओसरतो, आणि वाहिनी जेथे फुटलेली वा गंजलेली असेल तेथून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. जलशुद्धीकरण केंद्रातून निर्दोष निघालेले पाणी अशा रीतीने घरापर्यंत पोहोचेतो दूषित होऊ शकते. त्यात इमारतीच्या गच्चीवरील टाकी वर्षानुवर्षे धुतलेली नसते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे या मज्जासंस्थेच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा तपासाचा रोख पिण्याच्या पाण्याकडे वळला आणि अनेक कुटुंबांनी नळाकडे पाठ फिरवून जार व बाटल्या यांचा आश्रय घेतला. त्या कुटुंबांना दोष कोण देईल? ज्या आईला आपल्या तान्ह्या मुलाची काळजी आहे, तिला पर्यावरणाची प्रवचने ऐकविण्यापूर्वी नळाचे पाणी निर्धोक करून देणे हे नगराचे काम आहे. ते न करता तिच्या हातातील बाटली हिसकावून घेणे म्हणजे शासनाने आपला कसूर तिच्या माथी मारणे होय.

म्हणून बंदी जेथे यशस्वी झाली, तेथे तिच्या आधी काय घडले, हे पाहणे बोधप्रद ठरते. ऑस्ट्रेलियातील सिडनीपासून दीडशे किलोमीटरांवरील बंडानून या गावी एका कंपनीने भूजल उपसून ते बाटल्यांसाठी सिडनीला नेण्याचा घाट घातला, तेव्हा गावकरी एकत्र आले. २००९ च्या जुलैमध्ये गावच्या सभागृहात शेकडो रहिवासी जमले आणि एकाचा अपवाद वगळता सर्वांनी बाटलीतील पाणी न विकण्याच्या बाजूने कौल दिला. तेथे कायदा नव्हता, दंड नव्हता. दुकानदारांनी स्वखुशीने विक्री थांबविली, आणि त्याच वेळी रस्त्यावर गाळलेल्या गार पाण्याच्या तोट्या बसविल्या गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोने याहून सावध मार्ग स्वीकारला. २०१४ च्या मार्चमध्ये तेथील नगरमंडळाने केलेला कायदा खाजगी दुकानांना लागू नव्हता. नगराच्या मालकीच्या जागी, उद्यानांत आणि समारंभांत एकवीस औंसांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे सहाशे मिलिलिटरच्या, बाटल्या विकू नयेत एवढेच त्याने सांगितले, आणि जेथे नळाच्या पाण्याची पुरेशी सोय नाही तेथे सूटही ठेवली. पुढे २०१९ च्या ऑगस्टपासून त्या शहराच्या विमानतळावरही पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांची विक्री थांबली. परंतु तत्पूर्वी विमानतळभर पाणी भरून घेण्याच्या तोट्या बसवून झालेल्या होत्या. सिएरा नेवाडा पर्वतातील हेच हेची जलाशयाचे जे पाणी १९३४ पासून त्या शहराला मिळते, त्याच्यावर नागरिकांचा विश्वास होता, आणि त्या विश्वासाच्या पायावर हा कायदा उभा राहू शकला.

आपल्या देशात सिक्कीमचे उदाहरण याच क्रमाचे आहे. उत्तर सिक्कीममधील लाचेन या गावाच्या झुम्सा नामक परंपरागत ग्रामसभेने २०१२ च्या सुमारासच प्रवाशांच्या पाण्याच्या बाटल्यांना गावात मज्जाव केला. २०१६ साली राज्यशासनाने सरकारी बैठकी व समारंभ यांतून त्या हद्दपार केल्या. आणि २०२२ च्या १ जानेवारीपासून राज्यभर बाटलीबंद पाण्यावर निर्बंध आले. एका गावापासून शासकीय कार्यालयापर्यंत आणि तेथून राज्यापर्यंत, अशी ही बंदी पायरीपायरीने गेली. महाराष्ट्राने २०१८ च्या २३ मार्चला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तिच्यात अर्ध्या लिटरहून लहान बाटल्यांवर निर्बंध होते आणि मोठ्या बाटल्या परत घेण्यासाठी रुपया-दोन रुपयांची रक्कम त्यांच्यावर छापण्याची तजवीज होती. लहान बाटल्यांवरील निर्बंध थोड्याच काळात शिथिल झाला, आणि परताव्याची ती रक्कम ग्राहकाच्या सवयीचा भाग कधी झालीच नाही. आज कोणत्याही मंगल कार्यालयात पंगत उठल्यावर पाहावे: प्रत्येक पानाशेजारी दोनशे मिलिलिटरची एकेक बाटली, घोट-दोन घोट घेऊन टाकून दिलेली, निम्म्या पाण्यासह खरकट्यात जाते. तांब्या-पेला घेऊन फिरणारा वाढपी जे काम विनासायास करी, त्यासाठी आपण शेकडो बाटल्या आणि शेकडो लिटर पाणी एका दुपारी वाया घालवितो.

वास्तविक सार्वजनिक पाण्याची परंपरा आपल्याला कोणाकडून शिकावी लागावी, अशी आपली स्थिती नव्हती. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद, या नगरासाठी भूमिगत नहर बांधली. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी भुयारांवाटे पुण्यातील हौदांत पाणी खेळविले. मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले, आणि त्यानंतर दानशूर नागरिकांनी रस्तोरस्ती प्याऊ बांधले. मशीद बंदर भागातील केशवजी नायक यांचे १८७६ चे कारंजे त्यांपैकी एक होय. या प्याऊंची रचना पाहण्याजोगी आहे: कोरीव दगडाचा चौथरा, त्यावर घुमटी, माणसांसाठी कमरेच्या उंचीवर तोट्या, आणि तोटीखालून वाहून जाणारे पाणी फुकट न जाता गुरांना मिळावे म्हणून खाली दगडी डोणी. खेड्यापाड्यांतील पाणपोईजवळ एवढे वैभव नसे. मांडवाच्या सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोन रांजण, एक ओगराळे आणि साखळीने बांधलेला पेला एवढ्यावर ती चैत्र-वैशाख निभावून नेई. तहानलेल्याकडून पैसे घ्यावयाचे नाहीत, हा दंडक मात्र दोन्हीकडे सारखाच होता.

तथापि या परंपरेचे गुणगान करताना तिच्यावरील कलंक झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे पाणवठे सर्वांचे कधीच नव्हते. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ती त्या काळी केवढी धाडसाची कृती होती. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला, तरी तो कागदावरच राहिला. आणि म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन आपला हक्क सिद्ध करावा लागला. त्या तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. इतक्या झगड्यानंतर सार्वजनिक पाणी खरोखर सार्वजनिक झाले. आणि ते सार्वजनिक होऊन पुरते शतकही लोटले नाही तोच, ज्याच्याजवळ वीस रुपये आहेत त्याने शुद्ध पाणी प्यावे आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याने मिळेल ते प्यावे, ही नवी विभागणी आपण मुकाट्याने मान्य करू लागलो आहोत. बाटलीविरुद्धचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. प्लॅस्टिकच्या कचऱ्यावर काही ना काही उपाय निघेल. परंतु सधन वर्गाने नळाचे पाणी पिणे सोडले की ते पाणी शुद्ध ठेवा असे नगरपालिकेला ठणकावून सांगणारा आवाज क्षीण होतो, आणि ती हानी भरून काढणे फार कठीण असते.

तेव्हा नगरांनी बाटलीबंद पाण्याच्या विक्रीवर बंदी घालावी काय, या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे; मात्र तो होकार क्रमाने बांधलेला आहे. पहिली पायरी पाण्याची: रेल्वे व एस. टी. स्थानके, रुग्णालये, बाजार, उद्याने आणि प्रभाग कार्यालये येथे विनामूल्य, गाळलेल्या व तपासलेल्या पाण्याच्या तोट्या असाव्यात, त्यांची निगा राखण्यासाठी जबाबदार नोकर नेमलेला असावा, आणि पाणी तपासणीचा ताजा निकाल तोटीशेजारी मराठीत लावलेला असावा. दुसरी पायरी स्वतःच्या घराची: नगरपालिकेच्या सभा, समारंभ, शाळा व कार्यालये यांत बाटल्या बंद व्हाव्यात, कारण ज्या महापौरांच्या टेबलावर बाटली उभी आहे त्यांच्या नळावर नागरिकांनी विश्वास ठेवावा तो कसा? तिसरी पायरी परवान्याची: मंगल कार्यालये व मोठे मेळावे यांना परवाना देतानाच लहान बाटल्यांवर बंदीची अट घालावी, आणि पाणी असो वा गोड पेय, प्रत्येक प्लॅस्टिकच्या बाटलीवर परतावा सक्तीचा करावा, म्हणजे व्हरमाँटची चूक आपल्याकडे घडणार नाही. या तीन पायऱ्या चढल्यानंतरच खुल्या बाजारातील विक्री बंद करण्याचा विचार करावा, आणि तेव्हाही पूर, साथ वा नळवाहिनी फुटणे अशा प्रसंगांची मुभा कॉन्कर्डप्रमाणे मसुद्यातच ठेवावी.

वाचकांना एवढीच विनंती आहे की, आपल्या प्रभागातील पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल त्यांनी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्याकडे लेखी अर्ज करून मागावा, तो दर महिन्याला जाहीर व्हावा असा आग्रह धरावा, आणि निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपल्या नाक्यावर फुकट पिण्याच्या पाण्याची तोटी केव्हा लागणार, हे विचारावे. जे नगर आपल्या रस्त्यावरील वाटसरूला निर्धोक पाणी पाजू शकते त्यालाच बाटली बंद करण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार प्रत्येक नगराने लवकरात लवकर कमवावा.